चहा पिणाऱ्याचे कॉफी फिल्टर

३१ डिसेंबर १९५८, चामराजपेट

वर्षभर पितळेचे कॉफी फिल्टर घडवले आणि विकलेले बहुतेक परत आले. चूक कुठे, हेच कळेना. तळाची भोकं मी स्वतः भिंग लावून पाडतो. सगळी सारखी, सुईच्या टोकाएवढी. कॉलेजात शिकलेला एखादा तरी करून दाखवेल का?

संध्याकाळी शेजारच्या पद्मक्का आपला फिल्टर घेऊन आल्या. "अण्णा, सकाळी कॉफीचं डिकॉक्शन लावलं, अजून स्वल्पच उतरलंय. पाहुणे वाट बघून निघून गेले!"

"अहो, पाणी घालून तपासलाय मी. झरझर गळतं."

"नुसतं पाणी? कॉफीची पूड घालून नाही?"

आतून हिचा आवाज आला, "आमच्या घरात पूड कुठली? सगळे चहावाले!"

दोघी इतक्या हसल्या, की मी उगाच भोकं निरखत बसलो.

भोकं सुबकच आहेत, त्यात वाद नाही. पण पुडीनं ती बुजतात, तेव्हा मोठी करावी लागणार, नाहीतर दुकानाला कुलूप. म्हणून नव्या वर्षाचा नेम असा: प्रत्येक फिल्टरमध्ये कॉफी करायची, स्वतः प्यायची, मगच तो विकायचा.

पद्मक्कांकडून पहिला पेला आजच घेतला. ही मंडळी हे आवडीनं पितात?

उद्या सहा फिल्टर तपासायचे आहेत.