उरलेला वायसर

बुधवार, १२ मार्च. सांजचे सात.

गाडीच्या पावर स्टेअरिंगची तेलाची नळी सकाळी मीच बदलली. लेक म्हणाली, "अप्पा, मेकॅनिकला एकदा दाखवा की." मी म्हणलं, "एका नळीला मेकॅनिक? लई नखरे तुझे." ती गाडी घेऊन वळसंगला गेली.

मगाशी तितनं निघताना फोन केला. "अप्पा, स्टेअरिंग जड लागतंय." मी म्हणलं, "दोन घास जास्त खा."

फोन ठेवला आन् खिशात तांब्याचा वायसर लागला. नळीच्या बोल्टाला दोन लागत्यात, एक वर, एक खाली. मग ह्यो हितं कसा? जुना असंल? न्हाय, चकचकीत हाय. म्हंजी एक बसवायचाच ऱ्हायला, तेल गळतंय, म्हणूनच स्टेअरिंग जड.

चारदा फोन लावला. उचलत न्हाय. वायसर मुठीतच हाय.

गाडी चालवताना फोन उचलायचा न्हाय, ह्ये मीच तिला शिकवलंय.