जुनाच डिस्ट्रिब्युटर बसवा

अहो,

ही चिठ्ठी ज्याच्या कॅपमध्ये सापडली, तोच डिस्ट्रिब्युटर शेठच्या रेसच्या गाडीला बसवा. काल तुम्ही दोन्ही वर आणून ठेवलेत, ते मी तपासले. नवा दिसायला छान आहे, पण त्याचा रोटर हाताने फिरवला की उजवीकडे सरकून परत येतो. त्या जुन्या इंजिनाला डावीकडे फिरणारा लागतो, नाहीतर वेग वाढला तरी स्पार्क लवकर पडायचा नाही आणि गाडी धापा टाकेल. माहेरी अण्णांच्या गॅरेजात तसंच इंजिन मी स्वतः खोललंय. खात्री हवी तर एसटीडी बूथवरून त्यांना विचारा.

काल जेवताना कोणता बसवू म्हणून तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगणार होते. पण आई म्हणाल्या, "तिला काय विचारतोस, तिला पोरीचं बघू दे," आणि तुम्ही भात कालवत राहिलात. आत्ता त्या देवळात गेल्यात नि सई झोपलीय, म्हणून लिहितेय. माझ्या बोटाचं ग्रीस सईच्या झबल्याला लागलंय. आईंनी विचारलं तर तुमच्या हातचं म्हणा.

सव्वा महिना खाली उतरायचं नाही म्हणाल्या होत्या. सई आता बसायला लागली. गॅरेज चौदा पायऱ्या खाली आहे.

इंजिन चालू कराल तेव्हा शटर उघडं ठेवा, मी गॅलरीतून ऐकेन. रेस दिल्यावर टकटक आली तर लाल टॉवेल वाळत टाकते, मग स्पार्कचं टायमिंग थोडं मागे घ्या. टॉवेल नसेल तर आवाज बरोबर आहे.

तरी एकदा वर बघा.

रुचिरा