टेरिकॉटमधला आपला भाग

अहमदाबाद, १२ जानेवारी १९८६

बाबा, तुम्हाले अन् आईले जयभीम.

मी मिलमध्ये परमनंट झालो! काल साहेबानं कापसाचे दोन नमुने समोर ठेवले. तुम्ही पांढुर्ण्याच्या जिनिंगवर सरकी काढाच्या आधी कापूस पाहता, तसाच मी चिमटीनं ओढून पाहिला अन् लांब धाग्याचा कोणता ते सांगितलं. मशीनवरही तेच निघालं. साहेब म्हणे, कोणत्या कॉलेजात शिकला?

आता सगळ्यायले टेरिकॉटच पाहिजे. आम्ही तेच बनवून राहिलो. बाजूची सुती मिल बंद पडली, पण तुम्ही घोर लावून घेऊ नका. तुमची जिनिंग चालू हाय ना?

तुमच्या शर्टाचं कापड पाठवलं. त्यात दोन भाग पॉलिएस्टर, एक भाग कापूस. घाम टिपते तो आपला भाग हाय, बाबा.

तुमचा उत्तम