जिनातली गंजी आणि उत्तमरावाचा बर्फ

१ जानेवारी १९६५
संकल्प. रोजनिशी रोज. चहा दोनच. चिखलीच्या या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, सहा वर्षं कापसाच्या घराएवढ्या गंज्या रचून घेतो, तेव्हा गंजीतला जाणकार म्हणून नाव व्हायलाच हवं. आणि कुणाचा हेवा करायचा नाही.

३ जानेवारी
समोरचा उत्तमराव लष्करातून रजेवर आला. लडाखात असतो. शाळेत माझं बघून गणितं लिहायचा. चारुलतेला आधी त्याचं स्थळ आलं होतं, पण सासऱ्यांनी मला पसंत केलं. त्यामुळे हेव्याचा प्रश्नच नाही. अख्खी गल्ली त्याच्या ओट्यावर. चारुलतासुद्धा. चहा चार झाले.

५ जानेवारी
हा बर्फाचे कडे कसे कोसळतात ते सांगतो. डोंगरावर थरावर थर बसतात म्हणे. मधला एक कच्चा निघाला की वरचं सगळं घसरतं. म्हणून आधी खड्डा खणून थर तपासायचे. थर किती घट्ट ते बघायचं: मूठ जाते, की चार बोटं, की एक बोट, की नुसती पेन्सिल? एवढंच! आमच्या गंजीत दुसरं काय असतं? चारुलतेने त्याला सोळा प्रश्न विचारले. मोजले. मला लग्नापासून सोळा विचारले नसतील. जेवताना ती चिंतामणचं, म्हणजे तिच्या भावाचं, पत्र आल्याचं सांगत होती. तो पुण्याला लष्करात ड्रायव्हर आहे. माझं लक्ष पेन्सिलीत होतं.

७ जानेवारी
सराव सुरू. गुळाच्या ढेपेत एक बोट गेलं. चारुलतेच्या भाकरीत पेन्सिलही जाईना. शास्त्र म्हणून तिला तसं सांगितलं. दिवसभर अबोला.

९ जानेवारी
ती स्वेटर विणते आहे. राखाडी. छातीचं माप माझं नाही. उत्तमरावाची छाती मोठी आहे. विचारणार नाही; संशय घेणं माझ्या स्वभावात नाही. चिंतामणची बदली झाली, असं काहीसं म्हणाली. बदल्या होतातच. झोप नाही.

१२ जानेवारी, दुपारी
उत्तमराव थेट जिनात! मोठ्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून म्हणाला, "वैजनाथ, मधात ओला थर हाये. हे गंजी घसरन बे." ओल्या कापसाच्या दोन गाड्या सोमवारी मीच घेतल्या होत्या. वजन वाढावं म्हणून लोक पाणी मारतातच. मी हमालांसमोर ठणकावून सांगितलं, "हा कापूस हाये. तुह्या बर्फाची गोष्ट इथं सांगू नको." हमाल हसले. बहुतेक त्यालाच.

१४ जानेवारी, संक्रांत
उत्तमरावाला तिळगूळ दिला. त्यातल्या त्यात लहान बघून. चारुलतेने विचारलं, "अहो, चिंतामणचं आयकलं का तुमी?" म्हटलं, आयकलं. तेव्हा मी प्रात्यक्षिकाचा विचार करत होतो.

१८ जानेवारी
प्रात्यक्षिक ठरलं. परवा अकराला मोठ्या गंजीचे थर सगळ्यांदेखत तपासणार. जिनाचे मालक शेठजी, उत्तमराव, चारुलता, सर्वांना आमंत्रण. छोटं भाषण तयार. टाळ्यांसाठी दोन जागा सोडल्या आहेत.

२० जानेवारी, सकाळी ९
इस्त्रीचा सदरा. पेन्सिलीला टोक केलं. आज निकाल.

२० जानेवारी, संध्याकाळी, पडून
गंजीच्या पायथ्याशी कोनाडा केला. पहिल्या थरात मूठ गेली, दुसऱ्यात चार बोटं. तिसऱ्यात पेन्सिल अडकली. ती ओढली.
कापूस बाहेरून पांढरा असतो. आतून ठार काळा. लांबून उत्तमरावाचा आवाज आला, "बांबू आना! हळू टोचा, कुठं गाडला ते समजन!" तिसरा बांबू बरगडीत बसला. पायाला धरून काढलं. नाकात सरकी. चारुलता हुंदके देत होती. खरं लिहितो, फार बरं वाटलं. मग ती माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "उत्तमभाऊ, कापसात असं, त बर्फात काय होत असन हो?"

२१ जानेवारी
शेवटी विचारलं, स्वेटर कुणाचा? म्हणाली, चिंतामणचा. त्याची बदली लडाखला झाली आहे. त्याच कड्यांखालून ट्रक नेतो. उत्तमराव परत जाताना स्वेटर नेणार आहे. भावाला पत्रात काय काय जपायला लिहावं, ते ती रोज त्याला विचारत होती. मी चिडलो. मला का नाही सांगितलं? म्हणाली, "तीनदा सांगतलं."
म्हटलं, अशक्य. माझ्याकडे रोजनिशी आहे. मागे चाळली. पाच तारीख. नऊ. चौदा.
तीनदाच आहे.
संध्याकाळी उत्तमरावाच्या ओट्यावर गेलो. जागा नव्हती, पायरीवर बसलो. बरगडी दुखत होती. विचारलं, तिथं चिंतामणनं गाडी कुठं उभी करू नये?
म्हणाला, "हे त वहिनीनं पह्यल्याच दिवशी इचारलं बे."