पत्र्याचा कारखाना

अहो,

चाळीस वर्षांच्या संसारात तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. लिहायची वेळ कुठे आली? तुम्ही साखर कारखान्यावर फिटर, मी नांदूरघाटजवळच्या आपल्या गावात अंगणवाडीत. दिवस मावळला की दोघं एकाच चुलीपुढे. आज लिहितेय, कारण काल तुमचा कारखाना घरी आणला. तुम्ही केलेला तो, पत्र्याचा. गाव सोडल्यावर आपण घेतलेल्या बीडच्या ह्या दोन खोल्यांत तो माझ्यासमोर टेबलावर आहे. ही बातमी तुमच्याआधी दुसऱ्या कुणाला कशी सांगू?

तुम्ही गेल्याला दीड वर्ष झालं. गल्लीतल्या बाया विचारतात, "बाई, बऱ्या हाव ना?" मी हो म्हणते. खोटं नाही ते. दुखत काहीच नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि अर्धा गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालंय. तुम्हाला नेलं तेव्हा मी रडले नाही. आपली सुजाता इंग्लंडहून येऊन गळ्यात पडली, तेव्हा मी तिला विचारलं, "विमानात झोप झाली का?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणी परकीच बाई.

तिने आपल्या दोघांचेही पासपोर्ट काढायला टाकले होते, आठवतं ना? तुमचा पोस्टमनने आणून दिला तेव्हा जलदान विधी होऊन आठवडा उलटला होता. फोटोत तुम्ही किती घाबरलेले दिसता! मी सही केली, पाकीट कपाटात ठेवलं आणि दळण आणायला गेले.

यंदा सुजाता मला तिकडे घेऊन गेली. ती जिथे नर्स आहे, तिथून दोन तासांवर एक मोठं प्रदर्शन भरतं. हुबेहूब छोट्या वस्तूंचं. आगगाड्या, जहाजं, विमानं, गावंच्या गावं, सगळं हाताने केलेलं. "बाबांना न्यायचं ठरवलं होतं मी," ती म्हणाली. "आता तू चल." मी म्हटलं, चल. तिने विहिरीवर नेलं असतं तरी मी चल म्हटलं असतं.

काय सांगू तुम्हाला! कारखान्याची साखरेची गोदामं कशी होती? तशी चार-पाच एकाला एक जोडली तर जेवढं होईल, तेवढं ते दालन. आणि त्यात टेबलंच टेबलं. बोटाएवढी आगगाडी बोगद्यातून निघते, पुलावर येते, स्टेशनात थांबते. नखाएवढ्या बाकावर बसलेली म्हातारी, तिच्या पायाशी पिशवी. एका बंदरात खरं पाणी होतं आणि त्यात वीतभर जहाज धूर सोडत होतं. पांढऱ्या केसांची माणसं, कपाळावर भिंग बांधून, चिमट्याने एकेक खिळा बसवत होती. त्यांना कुणी हसत नव्हतं हो! लोक तिकीट काढून रांगेत उभे होते. बायका होत्या, मुली होत्या, चाकाच्या खुर्चीतले आजोबा होते. सगळे वाकून बघत होते आणि हळू आवाजात बोलत होते.

मीही वाकून बघत होते. पण माझ्या आत काही हलत नव्हतं. डोळ्यांना दिसत होतं, एवढंच.

मग दुष्काळातलं आपलं ते घर डोळ्यांसमोर आलं. लागोपाठ दोन वर्षं पाऊस नाही, ऊस वाळून गेला, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. तुम्ही घरी. पहिले पंधरा दिवस नुसते ओट्यावर बसून राहिलात. मग कुठून तेलाचे रिकामे डबे आणलेत, मोडक्या छत्र्यांच्या काड्या, सायकलची साखळी, बॅटरीचे संपलेले सेल. कात्री आणि कानस घेऊन बसलात ते आठ महिने. सेलचे झाले ऊस पिळायचे रूळ, अगरबत्तीच्या नळकांड्यांची चिमणी, काड्यांचे जिने. बाजूला एक दांडी. ती फिरवली की साखळी ओढली जायची आणि सगळे रूळ एकदम फिरायचे. माझ्या स्वयंपाकघराचा अर्धा ओटा तुम्ही अडवलात. मी भाकरी थापायची आणि तुम्ही सांगायचात, "हे बघ, हितून ऊस येतो. हितं त्याचे तुकडे व्हतात." मी म्हणायची, "सरका जरा, परात ठेवू द्या."

आणि त्या दिवशी टँकर आला. मी चार घागरी घेऊन धावले, भांडणं झाली, माझा हात सोलला, दोनच घागरी घेऊन आले. तुम्ही कानस घासत बसला होतात. शेजारपाजारचे ऐकतायत हे मला दिसत होतं, तरी मी ओरडले, "गाव पाण्यासाठी मरतंय आन तुमी खेळणी करत बसलाव! लाज वाटंना का?"

तुम्ही काहीच बोलला नाहीत. का नाही बोललात? एक शब्द बोलला असतात, ताट फेकलं असतंत, तरी बरं झालं असतं. कारखान्याची वार्षिक सभा होती त्या महिन्यात. तुम्ही ते सगळं चादरीत बांधलंत आणि म्हणालात, "सभेत ठिवतो. सभासद बघतील. तुझा वटा मोकळा व्हईल."

ओटा मोकळा झाला. पुढे कारखाना बंदच पडला, कचेरीला कुलूप लागलं, दुसऱ्यांच्या ताब्यात गेला. तुमचा पत्र्याचा कारखाना आतच राहिला. तुम्ही तो मागायला दोनदा गेलात आणि दोन्ही वेळा फाटकावरूनच परत आलात, हे मला तुमच्या माघारी कळलं, तुमचे कामावरचे जोडीदार किसनभाऊ बोलले तेव्हा. माझ्यापासून का लपवलंत? मी पुन्हा काही बोलेन म्हणून?

तर त्या प्रदर्शनात एका टेबलावर कोळशाची खाण होती. वर मोठं चाक, खाली पिंजरा, त्यात उभी माणसं. मागे एक म्हातारा उभा होता आणि त्याच्या शेजारी त्याची बायको बसलेली, मांडीवर डबा घेऊन. सुजाताने विचारलं तेव्हा कळलं, तो त्याच खाणीत तीस वर्षं होता. खाण बुजवली, आता तिथे घरं झालीत. सुजाता त्याला म्हणाली, "माझ्या वडिलांनीही त्यांचा कारखाना केला होता."

तो म्हातारा लगेच माझ्याकडे वळला. "किती पटीने लहान?" सुजाताने मला मराठीत विचारलं. मला काय ठाऊक? मी कधी विचारलंच नाही तुम्हाला! मी हात पसरून दाखवलं. एवढा लांब. उंची भाकरीच्या टोपलीएवढी. ते माप मला पक्कं ठाऊक होतं; आठ महिने त्याच्या कडेने सारवलं होतं मी. म्हाताऱ्याने तसेच हात पसरून पाहिले आणि मान डोलावली. मग त्याने तुमचं नाव विचारलं.

सुजाता सांगणार होती. पण माझ्याच तोंडून गेलं, "दगडू." चाळीस वर्षांत तुमचं नाव मी घेतलं नव्हतं. "डॅगडू," तो म्हणाला. दोनदा म्हणाला. मला काही वाटलं नाही. कुणा दुसऱ्याच्याच नवऱ्याचं नाव वाटलं.

त्याच्या बायकोने डबा उघडून मला बिस्कीट दिलं. सुजाता म्हणाली, "आई, त्या म्हणतायत, चौदा वर्षं त्यांच्या जेवायच्या टेबलावर ही खाण होती."

मी म्हटलं, "इचार त्यांना, राग येत व्हता का?"

म्हातारी हसली. "रोज," म्हणाली. मग डब्याचं झाकण लावत, "अजूनही."

म्हाताऱ्याने विचारलं, कारखाना आता कुठाय? मी म्हटलं, तिथंच. कुलपात. तो म्हणाला, "मग घेऊन या ना." इतकं साधं! जसं काही दुकानात छत्री विसरून आलेय.

परत आले आणि चौथ्या दिवशी किसनभाऊंना घेऊन फाटकावर गेले. भाऊ म्हणाले, "वैनी, आत सोडायचे न्हाईत." मी म्हटलं, बघू. रखवालदाराने विचारलं, "काय काम हाय बाई?" मी म्हटलं, "माझ्या मालकाची वस्तू हाय आत. नेल्याबिगर जाणार न्हाई." आणि फाटकापाशी खाली बसले. रागाने नाही हो. उभं राहायचं तरी कशासाठी, म्हणून बसले. दोन तासांनी आतून एक कारकून आला, तरणा, बरा माणूस. त्याला वाटलं होतं, कुणी शाळेतल्या पोरांनी केलंय ते. सभागृहात खुर्च्यांच्या ढिगामागे होतं. पारव्यांनी घाण केलेली, चिमणी वाकलेली, एक जिना तुटलेला. मोठ्या शेडमधून यंत्रं कधीच गेली होती. नुसते ओटे उरलेत सिमेंटचे. भाऊ तिथे उभे राहून रडले. मी चादर पसरली आणि बांधून घेतलं.

एसटीत मागच्या लांब सीटवर ते आडवं ठेवलं. शेजारी एक बाई होती, शिरूर कासारकडची. टोळीबरोबर ऊस तोडायला जायची होती, त्याआधी आईला भेटून येत होती. तिने चादर उचलून बघितली. "हे काय वं बाई?"

"साखर कारखाना."

"आगं बया! बारा वरसं कारखान्याला ऊस घालते, पर आत काय आसतं ते कधी बघितलं न्हाई. आमाला गाडी खाली करून माघारी धाडत्यात."

मीही कुठे बघितला होता? फिटरची बायको असून मी फाटकाच्या आत काल पहिल्यांदा गेले! पण मी चादर काढली आणि सांगायला लागले. ही गव्हाण, इथे तुझा ऊस पडतो. इथे सुऱ्या. हे रूळ, तीन-तीनांचे चार संच. रस खाली, चोथा पुढे. चोथा बॉयलरला जातो, त्याचीच वाफ आणि त्या वाफेवर सगळं चालतं. रस तापतो, चुन्याने निवळतो, आटतो, दाणा धरतो. मी सांगत होते आणि मला कळेना, हे मला कुणी शिकवलं? परात पुढे ओढता ओढता मी सगळं ऐकलं होतं तर!

तिने दांडी फिरवून बघितली. तीन संच फिरले, चौथा अडकला. "लई हुशार व्हता वं तुजा मालक," ती म्हणाली. मी म्हटलं, "व्हय. दगडूमिस्त्री म्हणायचे त्यांना."

आणि मला भूक लागली. अशी भूक, की मी ते तिला बोलूनच दाखवलं. तिने पदरातली भाकरी आणि ठेचा काढला आणि अर्धी मला दिली. मी ती रस्ताभर खात आले. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं. ठेच्यानेच आलं असेल. मी काही पुसलं नाही.

तिला घराचा पत्ता दिलाय. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळीतल्या बायांना घेऊन येते म्हणाली. किसनभाऊ रविवारी येऊन चौथा संच सोडवणार आहेत, पण चिमणीला मी त्यांना हात लावू देणार नाही. ती तुम्हीच तशी केली होती की पारव्यांनी वाकवली, ते मला नक्की ठाऊक नाही.

एवढा शब्द देते तुम्हाला. तो कारखाना मी पुढच्या खोलीतच ठेवीन आणि दार दिवसभर उघडं राहील. त्या बाया आल्या की एकेकीला गव्हाणीपासून साखरेच्या पोत्यापर्यंत सगळा दाखवीन, घाई न करता. चुकलं तर चुकलं.

तुमची,
सुमन