क्रेप पेपरची राणी

सोमवार, ९ मार्च

अठ्ठावीस फोटो, अठ्ठावीस ओळी, मुदत शुक्रवार संध्याकाळ. पुण्यातला पेपर सुटून सहा वर्षं झाली, लेकीकडे न्यूझीलंडला, पापाटोएटोला येऊन चार — मुदत काही पिच्छा सोडत नाही!

आमच्या कोपऱ्यावरच्या हॉलला पंचाहत्तर वर्षं झाली. एकवीस तारखेला जुन्या पद्धतीची फॅन्सी ड्रेसची मिरवणूक, आणि आत पन्नासच्या दशकातल्या मिरवणुकांचं प्रदर्शन. फोटोंखालच्या ओळी माझ्याकडे. समितीची टीना म्हणाली, "यू वर अ जर्नो, राइट? स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या भाषेत झकास. झाली नेमणूक.

काय एकेक पोशाख! दुधाची बाटली झालेला मुलगा, त्याला बसताच येत नाहीये. एक अख्खं कुटुंब गाजरं. एक कोबी रडतोय. आणि सगळं क्रेप पेपरचं! आपण गणपतीच्या मखराला लावायचो, तोच.

बुधवार, ११ मार्च

नातीला, इराला पोहुतुकावाचं फूल व्हायचंय, इथल्या झाडाचं लालभडक झुबकेदार फूल. लाल क्रेपचे सहा रोल आणले. मी आपली सवयीने विचारलं, "मग स्टेजवर बोलणार काय? 'मी आहे फूल' असं काहीतरी पाठ करू या." ती हादरलीच. "आजी, नो! यू जस्ट वॉक!" नऊ वर्षांची आहे, पण हे ठामपणे. आमच्या वेळी चार ओळी म्हटल्याशिवाय फॅन्सी ड्रेस संपत नसे.

शिकवायला शेजारची मार्जरी आली. वय एक्क्याऐंशी, जन्म याच रस्त्यावरचा. क्रेपची कड दोन अंगठ्यांत धरून हलकेच ताणायची, की झालर तयार. मशीनवर टाके लांब घालायचे, नाहीतर कागद फाटतो. "आणि पाऊस आला तर संपलं, लव. रंग गुडघ्यापर्यंत!"

जाताना तिने स्वतःचा फोटो दिला. १९५४. साडीतली नऊ वर्षांची मार्जरी, हातात चॉकलेटचा डबा, पहिलं बक्षीस. फोटोची उजवी बाजू मागे दुमडलेली.

शुक्रवार, १३ मार्च

साडेचारला शेवटची ओळ उरली होती, मार्जरीची. लिहिली: "घरच्या पडद्याची साडी नेसलेली भारतीय राजकन्या." स्वतःवरच खूश होऊन तिला वाचून दाखवली. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "तो फोटो नको लावूस, स्नेहा. मिरवणुकीलाही मी नसेन." आणि उठून गेली.

टीनाला कळवलं. तिला हायसंच वाटलं — "तसाही गोऱ्या मुलीचा साडीतला फोटो आजकाल बरा दिसला नसता."

सत्तावीस ओळी वेळेत पाठवल्या.

रविवार, १५ मार्च

फोटो परत द्यायचा म्हणून भिंग घेऊन नीट पाहिला. आधी पाहायला हवा होता! पडदा कुठला? पदर उजव्या खांद्यावरून पुढे, गुजराती पद्धतीचा. निऱ्या एकसारख्या, एवढ्याशा मुलीच्या मापाच्या, कमरेला साडी दुमडून उंची कमी केलेली. हे पुस्तकात बघून जमत नाही. कोणीतरी सवयीच्या हाताने नेसवलीय.

तीस वर्षं पेपरातल्या नव्या पोरांना ओरडले — न विचारता छापू नका. आणि मी?

सोमवार, १६ मार्च

मार्जरीकडे गेले. आधी चुकले म्हणाले. मग विचारलं, "साडी कोणाच्या आईने नेसवली?"

तिने फोटोची घडी उघडली. तिथे दुसरी मुलगी! क्रेपचा घोळदार झगा, पुठ्ठ्याचा मुकुट, काळ्याभोर दोन वेण्या. रमीला. कोपऱ्यावरच्या फळांच्या दुकानातली.

मार्जरीच्या आईने शिवलेला राणीचा झगा रमीलाला आवडला, रमीलाच्या आईची साडी मार्जरीला. दुकानाच्या मागच्या खोलीत अदलाबदल. मिरवणुकीत परीक्षकबाई रमीलाला म्हणाल्या, "तू चुकीचा पोशाख घातलास, बाळ. तुझा घालून ये." आणि रांगेतून बाजूला काढलं. पहिलं बक्षीस मार्जरीला.

"आय जस्ट स्टूड देअर. डबा धरून. एक शब्द बोलले नाही." डबा तिने उघडलाही नाही. दुसऱ्या दिवशी कपाटात नव्हता. आईने टाकला असेल, तिला वाटलं. विचारायची हिंमत झाली नाही. महिन्याभरात दुकान बंद करून ते लोक लांब पुकेकोहे गावाला गेले.

बहात्तर वर्षं! मी म्हटलं, शोधू या. ती म्हणाली, "आणि तिने फोन आपटला तर?"

"तर आपटेल. पण विचारलेलं तरी असेल."

मंगळवार, १७ मार्च

मसाल्याच्या दुकानातल्या गुरुनाथना विचारलं. त्यांनी त्यांच्या गुजराती भागीदाराला, त्याने मावशीला. बावीस मिनिटांत नंबर! आमचं वार्ताहरांचं जाळं यापुढे काहीच नव्हे.

मार्जरी फोन हातात घेऊन ओट्याशी उभी. लावत नाही. शेवटी मीच निरोप ठेवला — शनिवार, अकरा वाजता, हॉल.

गुरुवार, १९ मार्च

उत्तर नाही. इराचं फूल तयार. ओटा, मांजर, मी — सगळे लाल.

शुक्रवार, २० मार्च

उत्तर नाही. मार्जरी म्हणते, "बरोबरच आहे तिचं." तरी केस सेट करून आली!

मार्जरीला विचारून टीनाला सगळं सांगितलं. घडी उघडलेला फोटो उद्या लागणार. ओळ कोरी.

शनिवार, २१ मार्च

सव्वाअकराला पाऊस. इराचा रंग खरंच गुडघ्यापर्यंत उतरला. "आजी, आय ॲम मेल्टिंग!" — आनंदाने! सुखदाच्या गाडीची मागची सीट गुलाबी. ती म्हणाली, "आई, हे तू धुणार आहेस."

साडेअकराला दारात एक बुटकी बाई आली. पांढरी वेणी, रेनकोट, पायात जँडल्स, इथल्या रबरी चपला. फोटोपाशी गेली, मुकुटावर बोट ठेवून मोठ्याने म्हणाली, "हा झगा टोचायचा, मार्ज. हीप्स टोचायचा!"

मग दोघींना बसायला खुर्च्या दिल्या. बाकीचे आम्ही बाहेर पावसात गेलो.

रविवार, २२ मार्च

रमीलाबेनने पिशवीतून तो डबा काढला होता. आता त्यात बटणं असतात. मिरवणुकीच्याच संध्याकाळी मार्जरीची आई दुकानात देऊन गेली होती. झाकणाच्या आत तिची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे: "हा राणीचा."

फोटोखालच्या कोऱ्या जागी मी तेच शब्द लिहिले.