गलबताच्या सहा बशा

क्रूर माणसाच्या गौरवासाठी बनवलेली वस्तू आपल्या आईच्या हातची असेल, तर ती घरात मानाने ठेवावी का? हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही. तरीही मी, दीप्ती बाळा खवणेकर, वय चोवीस, राहणार कांजूरमार्ग पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. सोमवारी मी संशोधनाच्या जहाजावर सहायक म्हणून रुजू होते. आमच्या घरातून दर्यावर गेलेले शेवटचे माझे पणजोबा. ते परतले नाहीत.

१. घर बाबांचं आहे, त्यावर माझ्यातर्फे कोणी हक्क सांगू नये. बँकेतली शिल्लक आई रत्नप्रभा हिला. ती तिने माझ्या भावाच्या, सौरभच्या लग्नासाठी राखू नये, स्वतःच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला वापरावी.

२. पुस्तकं आणि सूक्ष्मदर्शक शेजारच्या स्वरदाला. तिने विज्ञानच घ्यावं अशी अट नाही.

३. वास्को द गामाचं नाव आणि गलबत रंगवलेल्या चिनीमातीच्या सहा बशा. तो भारतात आल्याला पाचशे वर्षं झाली तेव्हा, १९९८ साली, अंधेरीच्या एका कारखान्यात परदेशासाठी अशा बशा रंगवत. आई तिथे कामाला होती. या सहांवर तिने त्याच्या गलबताच्या टोकाला झेंडूचा हार घातला आणि खाली पाण्यात नारळ काढला. सुपरवायझरने माल नापास करून त्या बशांसकट तिला कायमचं घरी पाठवलं. ती एवढंच म्हणाली होती, "नारळ दिल्याबिगर कोण जहाज दर्यात घालता?" त्या सुपरवायझरला मी माफ केलेलं नाही, अशी इथे नोंद करते.

मी घरातली पहिली पदवीधर झाले तेव्हा आईने या बशा मला बक्षीस दिल्या. याच वास्कोने यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं होतं, हे मी तिला सांगितलं. तिने बशा पलंगाखाली सरकवल्या. भाऊ सौरभ म्हणतो, मढच्या शूटिंगवाल्यांना देऊ, मारामारीच्या सीनमध्ये फोडायला. "तशीही त्यात कोण खातंय?"

सौरभ, त्या फोडायच्या नाहीत, विकायच्याही नाहीत. माझ्यामागे त्या आईच्या, तिच्यामागे तुझ्या मुलांच्या. वास्कोचं नाव खरवडू नये. बशा कोणासाठी बनल्या ते मुलांना खरं सांगावं. कोणी बनवल्या, तेही.

या शेवटच्या गोष्टीसाठी मी माझ्या मरणाची वाट पाहिली नाही. आई म्हणत राहिली, "माझा नाव कित्याक गो? नापास झालेलो माल तो." तरी तिच्या हातात ब्रश दिला. काल मुलुंडच्या भट्टीतून बशा घरी आणल्या. सहाही बशांच्या पाठीवर तिच्या अक्षरात भाजून पक्कं झालं आहे: रत्नप्रभा.

लिहून देणार: दीप्ती बाळा खवणेकर (सही)
आमच्यासमोर सही झाली: ऋतिका पराडकर (सही), प्रबुद्ध कांबळे (सही)
कांजूरमार्ग, १४ नोव्हेंबर २०२५